बावीस ठिकाणं आणि दुखरे गुडघे

प्रश्न : आम्ही नाशिकचे. १० सप्टेंबरला मुलाकडे कॅनडाला निघतोय, ५ ऑक्टोबरपर्यंत मुक्काम. त्याचं घर मिसिसागाच्या पोर्ट क्रेडिट भागात, गो ट्रेनच्या स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर. मुलगा आणि सून सोमवार ते शुक्रवार कामावर, आठ वर्षांची नात शाळेत. आम्हाला टोरांटो बघायचं आहे, पण दर वेळी मुलाला रजा घ्यायला लावणं बरं वाटत नाही. मी ६२ वर्षांची, यजमान ६७. माझे गुडघे जिने चढू देत नाहीत. सपाटीवर किलोमीटर-दीड किलोमीटर चालते. दोघंही शाकाहारी, अंडंही नाही. भाच्याने नेटवरून २२ ठिकाणांची यादी काढून दिली आहे, ती सोबत जोडली आहे. सगळं कसं बसवायचं? सीएन टॉवरचं तिकीट फार महाग म्हणतात, ते काढावं का? आणि टोरांटोला गेलोच आहोत तर त्याच दिवशी नायगारा उरकता येईल का?
— एक वाचक

उत्तर :

सप्रेम नमस्कार. आधी एक लाल पेन घ्या. यादीतली बरीच नावं खोडायची आहेत आणि त्यातली काही तर ती ठिकाणं आता नाहीतच म्हणून.

ऑन्टारिओ सायन्स सेंटर जून २०२४मध्ये बंद झालं. डॉन मिल्सच्या त्या इमारतीपर्यंत जाऊन कुंपण बघून परत यायची वेळ येईल. ऑन्टारिओ प्लेसच्या मोठ्या भागात नव्याने बांधकाम सुरू आहे. ऑनेस्ट एड्स हे दिव्यांच्या झगमगाटाचं दुकान २०१६च्या शेवटच्या दिवशी कायमचं बंद झालं, तरी जुन्या याद्यांमध्ये ते अजून झळकतं. हाय पार्कसमोर भाच्याने ‘चेरी ब्लॉसम’ लिहिलंय. तो बहर एप्रिलअखेर ते मेच्या सुरुवातीचा, सप्टेंबरात तिथे नुसती हिरवी झाडं. ही चार नावं गेली.

पुढची नावं तुमच्या गुडघ्यांसाठी खोडा. टोरांटो झू शहराच्या पार पूर्व टोकाला, तब्बल २८७ हेक्टरवर पसरलेला. पोर्ट क्रेडिटहून गाडीनेही तासभर आणि मग दिवसभर तंगडतोड. स्कारबरो ब्लफ्सचे कडे देखणे आहेत, काही जागी ९० मीटर उंच, पण माती भुसभुशीत असल्याने कड्याच्या कडेला उभं राहणं धोक्याचं, आणि खालच्या किनाऱ्यावरचं वाहनतळ शनिवार-रविवारी लवकर भरतं. जेरार्ड स्ट्रीटचा इंडिया बझार १९७२मध्ये सुरू झालेल्या नाझ थिएटरभोवती वाढला. त्या काळी तिथे मिळणारा माल दुसरीकडे मिळत नसे. आज मिसिसागात आणि ब्रॅम्प्टनमध्ये भारतीय दुकानांना तोटा नाही, त्यामुळे कढीपत्त्यासाठी एवढ्या लांब जाऊ नका.

कासा लोमा या वाड्याबद्दल थोडं थांबून सांगते, कारण सगळ्या याद्यांत तो वरच्या नंबरावर असतो. सर हेन्री पेलाट नावाच्या धनाढ्य माणसाने १९११ ते १९१४ या काळात ९८ खोल्यांचा हा ‘किल्ला’ बांधला. शहराला वीज पुरवण्याच्या धंद्यात त्याने अफाट पैसा कमावला, पुढे वीज सरकारकडे गेली, जमिनीचे सौदे बुडाले आणि दहा वर्षंही पुरती राहायला न मिळता त्याला घर सोडावं लागलं. गोष्ट रंगतदार आहे, वास्तू त्यामानाने सामान्य. कोल्हापूरचा नवा राजवाडा किंवा बडोद्याचा लक्ष्मीविलास पाहिलेल्यांना ‘एवढंच?’ असं वाटण्याची शक्यता जास्त. शिवाय डुपाँट स्टेशनकडून आलं की समोर बॉल्डविन स्टेप्सच्या ११० पायऱ्या, आणि बुरुजांवर फक्त अरुंद जिने. खोडलंत तरी काही बिघडत नाही.

उरलं ते सोपं आहे, कारण त्यातलं बहुतेक टोरांटोच्या मुख्य रेल्वे स्टेशनपासून, म्हणजे युनियनपासून, हाकेच्या अंतरावर किंवा एका सबवेच्या टप्प्यात येतं, आणि तुमची गो ट्रेन थेट युनियनलाच जाते. आठवड्यात दोन फेऱ्या, एका फेरीत एक मोठं ठिकाण आणि त्याच्या शेजारचं एक छोटं, एवढंच धरा. तिसरं ठिकाण कोंबलं की गुडघे दुसऱ्या दिवशी हिशेब मागतात.

पोहोचल्यावर पहिल्या दोन दिवसांत प्रेस्टो या प्रवासभाड्याच्या कार्डाचं काम उरका. दोघांना दोन वेगळी कार्डं लागतील. एकाच कार्डावर दोघांनी जायची सोय नाही. कार्ड शॉपर्स ड्रग मार्ट या औषधांच्या दुकानात मिळतं. यजमान ६५ च्या पुढचे, म्हणून त्यांचा पासपोर्ट दाखवून त्याच काउंटरवर कार्डावर ज्येष्ठांची सवलत चढवून घ्या. ती आपोआप लागू होत नाही, आणि इथेच बहुतेक जण महिनाभर पूर्ण भाडं भरत बसतात. गो ट्रेनमध्ये ज्येष्ठांना निम्म्याहून कमी किंवा निम्म्याच्या आसपास पडतं. तुम्हाला मात्र अजून तीन वर्षं पूर्ण भाडं. नात बारा वर्षांच्या आतली, तिला गो आणि टीटीसी ही शहरातली वाहतूक सेवा, दोन्ही फुकट.

आता नीट लक्षात ठेवायची गोष्ट. गो ट्रेनला चढताना फलाटावरच्या यंत्राला कार्ड लावायचं आणि उतरल्यावर पुन्हा लावायचं. उतरताना विसरलात तर यंत्राला तुम्ही कुठे उतरलात ते कळत नाही आणि लांबच्या प्रवासाचं भाडं कापलं जातं. टीटीसीच्या सबवेत, बसमध्ये, स्ट्रीटकारमध्ये (म्हणजे ट्राममध्ये) उलट : फक्त चढताना लावायचं, उतरताना नाही. २०२४पासून गोने येऊन पुढे टीटीसी घेतली तर टीटीसीचं भाडं वेगळं पडत नाही, पण दोन्हीकडे तेच कार्ड लावलं तरच. सकाळी प्रेस्टो आणि दुपारी मोबाइल किंवा बँकेचं कार्ड असं केलंत तर यंत्राच्या लेखी ते दोन वेगळे प्रवासी.

सकाळी साडेनऊनंतरची गाडी पकडा. युनियनपर्यंत अर्ध्या तासाच्या आत पोहोचाल. परतताना एकतर साडेतीनच्या आत निघा, नाहीतर साडेसहानंतर. मधल्या वेळात ऑफिसवाल्यांचा लोंढा असतो. दादर-ठाण्याएवढा नाही, पण बसायला जागा मिळेलच असं नाही. गाडी दुमजली आहे. खालच्या मजल्यावरच बसा. वरच्या मजल्याला जिना आहे आणि गर्दीच्या वेळी तो शांततेचा मजला मानतात. तिथे नाशिकला व्हिडिओ कॉल लावलात तर आजूबाजूचे बोलणार काहीच नाहीत, फक्त वळून बघतील.

सोमवारी काय करायचं ते आधीच ठरवा. सेंट लॉरेन्स मार्केट, आर्ट गॅलरी ऑफ ऑन्टारिओ आणि आगा खान म्युझियम सोमवारी बंद असतात. हंगाम उतरला की रॉयल ऑन्टारिओ म्युझियमही. म्हणून सोमवार बेटांना द्या.

बेटं. टोरांटो आयलंड्स हे या यादीतलं सर्वांत स्वस्त आणि आमच्या मते सर्वांत सुंदर ठिकाण. मुळात ती बेटं नव्हती, किनाऱ्याला चिकटलेला वाळूचा लांब दांडा होता. १८५८च्या वादळाने तो तोडला आणि बेटं सुटी झाली. खाजगी मोटारी नाहीत, जमीन तळहातासारखी सपाट. युनियनहून बोटीच्या धक्क्यापर्यंत बे स्ट्रीटने दक्षिणेला दहा-बारा मिनिटं चालत जाता येतं, किंवा स्टेशनच्या आतूनच ५०९ वा ५१० नंबरची स्ट्रीटकार घेऊन पहिल्याच थांब्यावर, ‘क्वीन्स की’ इथे, उतरता येतं. तुम्ही स्ट्रीटकारच घ्या, पाय बेटासाठी राखून ठेवा.

धक्क्यावरून तीन बोटी सुटतात : सेंटर आयलंड, वॉर्ड्स आयलंड आणि हॅनलन्स पॉइंट. अनुभवी लोक वॉर्ड्सची शिफारस करतात, कारण तिथे जुनी टुमदार घरं आहेत आणि गर्दी कमी. पण तिथून सेंटरपर्यंत चालायचं तर दोन-अडीच किलोमीटर होतात. तुम्ही सेंटरचीच बोट घ्या आणि त्याच धक्क्यावरून परत या. उतरल्यावर सरळ चालत राहिलात की पूल, बागा, कारंजी ओलांडून पलीकडे थेट सरोवरात शिरलेल्या धक्क्यावर पोहोचता; सगळं मिळून किलोमीटरभर, वाटेत बाकं भरपूर. तिथे समोर नुसतं पाणी दिसतं आणि हे तळं आहे यावर विश्वास बसत नाही. १८०८चं जुनं दीपगृह याच बेटांवर आहे, पण ते आणखी दीड किलोमीटर लांब. ते राहू द्या.

तिकीट जाताना एकदाच, परतीचं त्यातच आलं. बोट सुटल्यावर पुढे धावू नका, मागच्या बाजूला उभ्या राहा : शहराची पूर्ण रांग तिथून दिसते, आणि सूर्य दक्षिणेला असल्याने इमारतींवर दिवसभर चांगला उजेड असतो. बेटावर खायला बटाट्याचे काप, पिझ्झा, आइस्क्रीम यापलीकडे फारसं काही नसतं. दशम्या, चटणी, काकडी असा डबा न्या. सप्टेंबरातही पाण्यावरचा वारा बोचतो, म्हणून शहरात उकडत असलं तरी वारा अडवणारं जाकीट पिशवीत हवं. नातीला आणायचं तर तिथली सेंटरव्हिल ही पाळण्यांची जत्रा सप्टेंबरात शनिवार-रविवारीच चालते. तेव्हा मात्र सकाळी दहाच्या आत धक्क्यावर असा. दुपारी बारानंतर रांग वळसे घेते आणि संध्याकाळी पाचला परतीची रांग तशीच.

म्युझियमचा दिवस. युनियनला सबवेची एक नंबरची लाइन पकडायची. ही लाइन इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखी आहे आणि युनियन त्याच्या तळाशी, त्यामुळे इथून दोन्ही बाजूंच्या गाड्या उत्तरेलाच जातात. ‘नॉर्थ’ एवढंच वाचून चढलात तर निम्म्या वेळा चुकाल. पाटीवर व्हॉन लिहिलेली गाडी हवी. फिंचची यंग स्ट्रीटने जाते. सहावं स्टेशन सेंट जॉर्ज. त्याच्या आधीचं स्टेशन म्युझियम, नावाप्रमाणे म्युझियमच्या दाराशीच, आणि त्याच्या फलाटाचे खांब इजिप्तच्या देवांसारखे आणि प्राचीन मेक्सिकोतल्या टोल्टेक योद्ध्यांसारखे घडवले आहेत. ते डब्याच्या खिडकीतून बघून घ्या, पण उतरा सेंट जॉर्जला. तिथे लिफ्टची खात्री आहे.

स्टेशनातून वर आलात की समोरच बाटा शू म्युझियम. आपल्याकडे शाळेच्या काळ्या बुटांमुळे घराघरांत गेलेलं हेच बाटा घराणं. सोन्या बाटा यांनी जगभरातून जमवलेली पादत्राणं इथे १९९५पासून मांडली आहेत. भारतातल्या पादुका, चांदीच्या, हस्तिदंती, खुंटीच्या खडावा, बघताना तुम्हाला इतरांपेक्षा जास्त कळेल. दीड तास पुरे.

तिथून ब्लूर स्ट्रीटने पूर्वेला पाच-सात मिनिटांवर रॉयल ऑन्टारिओ म्युझियम, सगळे त्याला ‘रॉम’ म्हणतात. १९१४ची दगडी इमारत आणि तिच्या अंगावर चढल्यासारखा वास्तुकार डॅनिएल लिबेसकिंडने २००७मध्ये उभारलेला अ‍ॅल्युमिनियम आणि काचेचा ‘क्रिस्टल’. तो बघून शहरात अजूनही भांडणं होतात. बाहेरून चमकदार, आतल्या तिरक्या भिंतींवर चित्रं टांगायची कशी हा प्रश्न कायम. ब्लूरच्या बाजूला मोठं नूतनीकरण सुरू असल्याने आत जाण्याची वाट क्वीन्स पार्कच्या बाजूने, जुन्या दारातून आहे, आणि काही दालनं मधूनमधून बंद असतात. तिकीट काढायच्या आधी त्यांच्या संकेतस्थळावर ‘आज काय बंद’ ते बघा. तिसऱ्या मजल्यावरचं दक्षिण आशियाचं दालन सगळे तुम्हाला आवर्जून सांगतील. ते बघाच, पण आपण मूर्ती देवळांत बघून मोठे झालो आहोत. दुसऱ्या मजल्यावरचे डायनोसॉरचे सांगाडे तुम्हाला नाशिकला कुठून दिसणार? आधी तिकडे. व्हीलचेअर दारातच मोफत मिळते, आधी येईल त्याला. मागायला संकोच करू नका. चालता येत असलेली माणसंही तीन तास उभं राहणं टाळायला ती घेतात.

चित्रं आणि बाजार. आर्ट गॅलरी ऑफ ऑन्टारिओ सेंट पॅट्रिक स्टेशनपासून पश्चिमेला चार-पाच मिनिटांवर. फ्रँक गेरी या जगप्रसिद्ध वास्तुकाराचा जन्म याच शहरातला, आणि २००८मध्ये त्यांनी या गॅलरीला नवं रूप दिलं. डंडस स्ट्रीटच्या बाजूने लाकूड आणि काचेची लांबलचक गॅलरी आहे. उलट्या नावेच्या फासळ्यांत बसल्यासारखं वाटतं, आणि बसायला जागाही आहे. इथे दोन गोष्टी चुकवू नका. एक, टॉम थॉमसन आणि ‘ग्रुप ऑफ सेव्हन’ या कॅनडाच्या चित्रकारांची निसर्गचित्रं. या ग्रुपने १९२०मध्ये पहिलं प्रदर्शन भरवलं आणि कॅनडाच्या लोकांना स्वतःच्या देशातले खडक, तळी, लालभडक मेपल कसे बघायचे ते शिकवलं. मुलगा तुम्हाला ऑक्टोबरच्या सुरुवातीला रंगलेली झाडं दाखवायला नेणार असेल, तर त्याआधी ही चित्रं बघा. दुसरी गोष्ट, तळमजल्याखालच्या दालनातली जहाजांची छोटी प्रतिरूपं. यजमानांना तिथून हलवावं लागेल.

गॅलरीतून पश्चिमेला थोडं चाललं की स्पडाइनाचं चायनाटाउन आणि त्याला लागून केन्सिंग्टन मार्केट. बंदिस्त मंडई मात्र शोधू नका. जुन्या घरांच्या ओसऱ्यांवर थाटलेल्या दुकानांच्या या दोन-चार गल्ल्या आहेत. आधी ज्यू, मग पोर्तुगीज, मग कॅरिबियन आणि लॅटिन अमेरिकन अशी वस्ती बदलत गेली आणि प्रत्येकाचं काही ना काही मागे राहिलं. पाऊण तास रमतगमत फिरा, मग स्पडाइनावरून ५१० स्ट्रीटकारने थेट युनियन, जिना नाही.

स्ट्रीटकारबद्दल इथेच सांगते. दरवाजा आपोआप उघडतोच असं नाही, दारावरचं बटण दाबावं लागतं. आपण बटण न दाबता वाट बघत उभे आणि गाडी निघून गेली, हे नवख्यांचं हमखास होतं. काही रस्त्यांवर ती मधोमध थांबते आणि तुम्ही थेट रस्त्यावर उतरता. मागच्या मोटारींनी थांबायचं असा नियम आहे, तरी पाय टाकण्याआधी उजवीकडे बघा.

जुनं टोरांटो. युनियनहून पूर्वेला दहा मिनिटं चाललं की १८९२ची त्रिकोणी गुडरहॅम इमारत आणि तिच्यापुढे सेंट लॉरेन्स मार्केट. १८०३पासून या जागी बाजार भरतो, आणि आजच्या दक्षिण इमारतीत १८४५पासून अर्धशतकभर शहराचा कारभारही चालत असे. बुधवार-गुरुवारी सकाळी जा. शनिवारचा शेतकरी बाजार खरा रंगतदार, पण रेटारेटी असते. इथलं सर्वांत गाजलेलं खाणं म्हणजे पीमील बेकन सँडविच. ते डुकराचं, तेव्हा तुमच्यासाठी नाही. तळघरातली धान्यं, कडधान्यं, मसाले, मध आणि मेपल सिरप बघा. सिरपची बाटली सोबत न्यायची तर ती चेक-इनच्या बॅगेतच टाका. हातातल्या बॅगेत विमानतळावर काढून घेतात.

तिथून डिस्टिलरी डिस्ट्रिक्ट पाऊण मैलावर. चालत जाऊ नका, किंग स्ट्रीटवरून डिस्टिलरी अशी पाटी असलेली ५०४ घ्या, ती दारात सोडते. गुडरहॅम आणि वर्ट्स यांचा १८३२चा कारखाना, एके काळी जगातल्या सर्वांत मोठ्या मद्यभट्ट्यांपैकी एक. १९९०मध्ये थांबला, २००३मध्ये पायी फिरायचा परिसर म्हणून उघडला. आत दुकानं आणि कॉफीची ठिकाणं आहेत, महाग आहेत, विटांच्या इमारती मात्र फुकट बघायला मिळतात. जमीन खडबडीत विटांची आहे. चप्पल नको, जाड तळव्याचे बूट घाला. सप्टेंबरच्या पूर्वार्धात शहरात आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव असतो आणि पहिल्या शनिवार-रविवारच्या आसपास किंग स्ट्रीटचा मधला तुकडा वाहनांना बंद होतो, तेव्हा ही गाडी वळसा घेते. तुम्ही ही फेरी महिनाअखेर ठेवा.

वाटेत पाऊस लागला तर ‘पाथ’ नावाचं भुयारी जाळं आहे, ३० किलोमीटरचं, इमारतींच्या पोटातून. पाट्यांवर त्या नावाची चार अक्षरं चार रंगांत असतात : लाल दक्षिण, केशरी पश्चिम, निळा उत्तर, पिवळा पूर्व. हे पाठ असलं तरी हरवाल, पण हरवलात तरी कोरडे राहाल. त्यातूनच ईटन सेंटरला जाता येतं. तिथल्या काचेच्या छताखाली उडणारे हंस टांगले आहेत, मायकल स्नो या कलाकाराचे. एका नाताळात मॉलवाल्यांनी त्यांच्या माना लाल फितींनी सजवल्या, तेव्हा हा गडी कोर्टात गेला आणि १९८२मध्ये खटला जिंकून फिती काढायला लावल्या.

आता टॉवर. ५५३.३३ मीटर उंच, १९७६मध्ये लोकांसाठी उघडला, २००७पर्यंत जगातली सर्वांत उंच स्वतंत्र उभी वास्तू. तिकीट माणशी ४५ डॉलरच्या आसपास आणि त्यावर १३ टक्के कर. काढावं का, तर हो, पण एकदाच, नातीला घेऊन, आणि आकाश स्वच्छ असेल त्या दिवशीच. पैसे वाया जाण्याचं मुख्य कारण ढग. लोक पंधरा दिवस आधी तिकीट काढतात, ते परत होत नाही आणि नेमक्या त्या दिवशी वर धुकं. तुम्ही महिनाभर आहात, तुम्हाला घाई नाही. त्याच दिवशी सकाळी हवामान बघून ऑनलाइन वेळ राखून ठेवा. साधी कसोटी : खालून वर बघितल्यावर टॉवरचा फुगीर भाग ढगात असेल, तर वरून फक्त पांढरं दिसणार.

सूर्यास्त सप्टेंबरच्या मध्यात साडेसातच्या सुमारास, महिनाअखेर सातच्या सुमारास. त्याआधी तासभर वर पोहोचलात तर दिवस, संध्याकाळ आणि दिवे लागलेलं शहर एकाच तिकिटात. त्या वेळांना मागणी जास्त, म्हणून सकाळीच राखा. लिफ्ट ५८ सेकंदांत ३४६ मीटरवर नेते. काचेच्या जमिनीवर नात उड्या मारेल, तुम्ही भिंतीला टेकून बघा. ४४७ मीटरवरच्या वरच्या गच्चीचे जादा पैसे देऊ नका. उंची वाढते, दृश्य फारसं बदलत नाही. फिरत्या रेस्टॉरंटमध्ये जेवलं की वर जायचं तिकीट लागत नाही, हे खरं. मात्र माणशी ठरावीक थाळीवजा जेवण घ्यावंच लागतं आणि त्यात अंड्याविना शाकाहारी पर्याय मोजके; तुमच्या हिशेबात बसत नाही.

युनियनहून टॉवरपर्यंत स्कायवॉक नावाचा बंदिस्त मार्ग आहे. पायथ्याशीच रिपलेज अ‍ॅक्वेरियम. शार्क डोक्यावरून जातात त्या बोगद्यात सरकता पट्टा आहे, त्यामुळे उभ्या उभ्या बघता येतं. शनिवारी दुपारी तिथे बाबागाड्यांची कोंडी होते, म्हणून उघडताक्षणी किंवा संध्याकाळी उशिरा. नातीसाठी रस्त्यापलीकडचं राउंडहाउस पार्कही ठेवा : १९२९ची इंजिनं वळवायची गोल शेड, फिरता रूळ, जुनी इंजिनं, बाहेरून सगळं मोफत. त्या दिवशी शेजारच्या रॉजर्स सेंटरमध्ये बेसबॉलचा सामना नाही ना, एवढं मुलाला बघायला सांगा. सामना सुटला की ४० हजार माणसं तुमच्याबरोबर युनियनकडे निघतात.

नायगारा त्याच दिवशी नाही. पोर्ट क्रेडिट तर टोरांटोच्या अलीकडे, नायगाराच्या दिशेला आहे. आधी शहरात जाणं म्हणजे उलटा प्रवास. घरून साधारण ११० किलोमीटर. शनिवारी मुलाच्या गाडीने सकाळी आठच्या आत निघा, शुक्रवारची संध्याकाळ आणि रविवारची परत येण्याची वेळ टाळा. धबधब्याला खेटून गाडी लावणं फार महाग. थोडी लांब लावून वीगो बसने या. बोटीची फेरी सुमारे २० मिनिटांची, सकाळी आधी तीच उरका. कॅनडाच्या बाजूला लाल पातळ रेनकोट देतात, पलीकडे अमेरिकेच्या बोटीत निळे. तो घातला तरी पावलं भिजतात, मोजे जादा न्या. दुपारी सूर्य तुमच्या पाठीशी येतो आणि तेव्हाच इंद्रधनुष्य दिसतं.

रात्रीचे रंगीत दिवे बघायचे असतील तर तारखेकडे लक्ष द्या. १९५०च्या कॅनडा-अमेरिका करारानुसार पर्यटकांच्या वेळेत धबधब्यावर सेकंदाला किमान २,८३२ घनमीटर पाणी सोडलं जातं, उरलेलं वीजनिर्मितीला. १५ सप्टेंबरपर्यंत ही वेळ रात्री दहापर्यंत; १६पासून ती आठलाच संपते आणि हे किमान प्रमाण निम्म्यावर येतं. तुम्ही १६ नंतर गेलात तर अंधार पडल्यापासून आठपर्यंतचा तेवढाच वेळ भर प्रवाहावर दिवे बघायला मिळतो. क्लिफ्टन हिलच्या रस्त्यावर नात पाळण्यांचा हट्ट धरेल, खिसा सांभाळा. आणि समोरच्या रेनबो पुलावर ‘जरा जाऊन येऊ’ म्हणून निघू नका. पलीकडे अमेरिका आहे, तिचा व्हिसा लागतो.

मुलाच्या दुसऱ्या मोकळ्या दिवसासाठी आगा खान म्युझियम. भाच्याच्या यादीत ते शेवटी आहे, आम्ही ते वर घेऊ. जपानी वास्तुकार फुमिहिको माकी यांचं पांढऱ्या दगडाचं म्युझियम, आत मुघल आणि इराणी लघुचित्रं. पण बागेपलीकडे काचेच्या घुमटाचं इस्माइली सेंटर दिसेल, ते चार्ल्स कोरियांचं. पणजीची कला अकादमी, दादरचं पोर्तुगीज चर्च आणि पेडर रोडजवळची कांचनजंगा ज्यांनी बांधली, तेच. दोन्ही इमारती २०१४मध्ये उघडल्या. मधल्या बागेतल्या पाण्याच्या पाच चौकोनी कुंडांशी बसायला तिकीट लागत नाही.

खाण्याचं. ‘व्हेजिटेरियन’ म्हटलं की समोरचा अंडं गृहीत धरतो. ‘वीगन’ लिहिलेलं घ्या, त्यात अंडं नाही हे नक्की. दूध-तूप घरी आहेच. सूप कोंबडीच्या पाण्यात शिजलेलं, पुटिनवरची (तळलेल्या बटाट्यांवर चीज आणि ग्रेव्ही) ग्रेव्ही मांसाची, थाई आणि व्हिएतनामी भाजीत माशाचा रस, डोनट-केकमध्ये अंडं, असं लपलेलं असतं. फलाफल किंवा भात-राजम्याचा बरिटो जवळपास सगळीकडे मिळतो. बनवणाऱ्याला हातमोजे बदलायला सांगा, तो विनातक्रार बदलतो. पाटीवरच्या किमतीत १३ टक्के कर धरलेला नसतो. बसून जेवलात तर १५ ते १८ टक्के टिप द्यायची पद्धत आहे, काउंटरवरून उचलून घेतलंत तर यंत्राने टिप विचारली तरी शून्य टाकायला हरकत नाही.

स्वच्छतागृहाला तिथे ‘वॉशरूम’ म्हणतात, ‘टॉयलेट’ विचारलं तरी कळतं. युनियन, ईटन सेंटर, सेंट लॉरेन्सचं तळघर आणि सिटी हॉल इथे ती हमखास मिळतात. सबवेच्या बहुतेक स्टेशनांत मिळत नाहीत. गाडीत बसण्याआधी जाऊन घ्या.